सड्यावर नेपियर लावायला सांगतायत, फी भरावी का? आणि बायोइंधनाने आपलं डिझेल खरंच सुटेल का?

सडेकर_राजापूर

नमस्कार मंडळी, राजापूर तालुक्यातून लिहितोय. थोडी काजू-आंब्याची बाग आहे आणि वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सामाईक जमीन. मध्यंतरी एक जण गावात येऊन गेला, शाळेत बैठक पण घेतली. त्याचं म्हणणं, सडा नुसता पडून आहे, त्यावर नेपियर गवत लावा, त्यापासून गॅस बनवू, तो सीएनजीसारखा गाड्यांत भरला जाईल, प्लांट आम्ही टाकणार, गवत टनावर उचलणार. फक्त आधी प्रत्येकाने सभासद फी भरायची आणि ठोंबं (लावायचे कोंब) त्यांच्याकडूनच विकत घ्यायची. वाडीतले निम्मे लोक तयार झालेत आणि चाकरमानी तर गणपतीला आले की सह्या करूनच जातील असं दिसतंय, त्यांना जमिनीचं काहीतरी व्हावं एवढंच वाटतं.

दुसरी गोष्ट जरा मोठी आहे. आमच्या भागात तेलाच्या रिफायनरीचा विषय आधी नाणार मग बारसू असा किती वर्षं चालला ते सगळ्यांना माहीत आहे. मी विरोधात होतो, अजून आहे. पण विरोध केला की समोरचा विचारतो, मग गाडीत काय घालणार, तुमचे ट्रॉलर कशावर चालणार. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. म्हणून विचारतोय की आपल्याकडे जे आहे, म्हणजे सीझनला बागेत कुजणारा बोंडू (काजूचं फळ), किनाऱ्याची उंडी आणि करंज ही तेलाच्या बियांची झाडं, त्यातून खरोखर इंधन होतं का, किती होतं, आणि त्याने पेट्रोल-डिझेल हटेल का. कोणी प्रत्यक्ष यातलं काम केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

बियाणं_दापोली

दादा, आधी फीचं सांगतो कारण तिथे लोकांचे पैसे अडकतील. फी भरू नका. बाकी सगळं नंतर.

नेपियरचा गॅस हे खोटं नाही बरं का. केंद्राची सतत नावाची योजना ऑक्टोबर २०१८ पासून आहे, तेव्हा ५००० प्लांटचं उद्दिष्ट ठेवलं होतं, त्याच्या जवळपासही अजून गेलेलो नाही, पण तेल कंपन्या हा गॅस घेतात. वाहनांच्या आणि घरगुती पाइपच्या गॅसमध्ये तो मिसळणं २०२५-२६ पासून बंधनकारक केलंय, सुरुवात १ टक्क्याने आणि २०२८-२९ पर्यंत ५ टक्के, म्हणजे गिऱ्हाईक आहे. गवत, शेण, मळी काहीही कुजवलं की जो गॅस येतो त्यात मिथेन साधारण ५५-६० टक्के असतो, उरलेला बराचसा कार्बन डायॉक्साइड आणि थोडा तो कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, ते काढून मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेला की तो गाडीत चालतो. गोबरगॅसचीच मोठी आवृत्ती.

पण नेपियर म्हणजे पाणी पिणारं पीक आहे हो. दीड-दोन महिन्याला कापणी येते ती पाणी आणि खत असेल तर. हिरव्या गवतात पाचातले चार भाग पाणीच, म्हणजे तुम्ही टेम्पो भरून मुख्यत्वे पाणी वाहून नेणार. आपल्या सड्यावर वितभर माती नसते, पावसाळ्यात धो धो आणि जानेवारीनंतर विहिरीचा तळ दिसतो, तिथे मार्च-एप्रिल-मेमध्ये गवत कुठून येणार? आणि प्लांटला तर रोज खाद्य लागतं, त्याला चार महिने उपाशी ठेवता येत नाही. देशावर बारमाही कॅनॉल आहे तिथे गोष्ट वेगळी.

त्या माणसाला एवढंच विचारा की प्लांटची जागा कुठे आहे, ती कोणाच्या नावावर, तेल कंपनीशी खरेदीचा करार झालाय का, तो दाखवा, आणि उन्हाळ्यात प्लांटला काय घालणार. ज्याला खरंच प्लांट टाकायचाय त्याचा खर्च टाक्यांवर आणि मशिनरीवर होतो, शेतकऱ्याच्या सभासद फीवर त्याचं काही अडत नाही.

अजून एक, हे आपण एकदा बघितलंय. २००३ च्या सुमारास नियोजन आयोगाने जट्रोफाचं मोठं मिशन मांडलं, आपला मोगली एरंड, जो आपल्याकडे कुंपणाला पूर्वीपासून लावतात. तेव्हाही वाक्य हेच होतं, पडीक जमिनीवर येतो, पाणी लागत नाही. पाण्याशिवाय तो जगतो हे खरं आहे, पण फळत नाही. बियाच आल्या नाहीत तर तेल कुठलं. देशभरात हजारो एकरांवर लागवड झाली आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी उपटून टाकली.

आणि सडा पडीक आहे हे मान्यच करू नका. गुरं तिथे चरतात, पावसाचं पाणी तिथून मुरतं आणि खाली वाडीच्या विहिरींना येतं, तुमच्या बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सरकारी कागदावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, लिहिलंय म्हणून ती जमीन बिनकामाची होत नाही. मला याचा खरंच राग येतो, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला आपला सडा रिकामा दिसतो.

सडेकर_राजापूर

खूप आभार. उन्हाळ्यात काय घालणार हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता बैठकीत. ग्रामसभेत मांडतो. बोंडूचं कोणी सांगेल का? आमच्याच बागेत एप्रिलमध्ये खाली बोंडूंचा नुसता खच पडलेला असतो, वास सुटतो, बी काढून घेतो आणि बाकी सगळं मातीत.

मळीवाला_कुडाळ

बोंडूचं मी सांगतो. मूळचा कुडाळचा, नोकरी बरीच वर्षं घाटावर एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केली, आता घरी काजूच बघतो, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

हिशोब करून बघू. बोंडू बीच्या सहा ते आठ पट वजनाचा. एक टन बोंडू चांगला दाबला तर सहा-साडेसहाशे लिटर रस, त्यात साखर दहा-बारा टक्के, म्हणजे साठ-सत्तर किलो साखर हातात. किलोभर साखरेपासून कागदावर साधारण ६५० मिली अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल होतं, प्रत्यक्षात कमी, तेव्हा टनाला ३५ ते ४० लिटर धरा. तेल कंपन्या इथेनॉलला कच्चा माल बघून साधारण ६० ते ७० रुपये लिटर देतात. म्हणजे टनभर बोंडूचे आले २१०० ते २८०० रुपये, आणि त्यातून वेचणी, टेम्पो, बॉयलरचं जळण, मजुरी सगळं भागवायचं. बागायतदाराच्या हातात किलोला एक रुपया पडला तरी नशीब. त्याच सीझनला गोव्यातले उर्राक आणि फेणी (बोंडूची दारू) करणारे आपल्याकडचा बोंडू गाड्या भरून नेतात, त्यांच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांना जो भाव परवडतो तो इंधनवाल्याला कधीच परवडणार नाही.

तुलनेला टनभर ऊस घ्या, त्याच्या रसापासून थेट केलं तर ७० लिटर इथेनॉल निघतं, मक्याच्या टनाला ३८० च्या आसपास. मका कोरडा, पोत्यात राहतो, वर्षभर डिस्टिलरी चालते. बोंडू दुसऱ्या दिवशी आंबतो आणि सीझन दोन-तीन महिने. कोट्यवधीची डिस्टिलरी नऊ महिने बंद ठेवून कोण चालवणार? शिवाय इंधनाचं इथेनॉल ९९.५ टक्के कोरडं लागतं, साधी भट्टी ९५ च्या वर जातच नाही, पुढचं पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्हचं युनिट लागतं. म्हणजे कोणी म्हणालं की घरच्या घरी बोंडूपासून गाडीचं पेट्रोल करू, तर ते होत नाही, आणि उत्पादन शुल्कवाले दारात येतील ते वेगळंच.

मग बोंडूचं काय करायचं? रस काढून सरबत, सिरप, जो प्रक्रिया उद्योग वेंगुर्ल्याच्या बाजूला लोक करतात तो करा, आणि उरलेला चोथा शेणाबरोबर गोबरगॅसला घाला. सिंधुदुर्गात घरोघरी गोबरगॅस आहेत, तिथे हे जमतं. मात्र एकदम ओतू नका, बोंडू आंबट असतो, टाकी आंबली की गॅस बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला आठवडे जातात. शेण जास्त आणि चोथा थोडा थोडा. सिलिंडर वाचला म्हणजे तेवढं आयातीचं इंधन वाचलंच की, गाडीतच घातलं पाहिजे असं कुठे आहे.

आता तुमचा मोठा प्रश्न. पेट्रोलमध्ये इथेनॉल २०१४ ला दीड टक्का होतं, २०२२ ला १० झालं आणि २०२५ मध्ये २० वर गेलं, मुळात हे २०३० चं उद्दिष्ट होतं. हे लहान काम नाही, मी आतून पाहिलंय, कारखान्यांना शेतकऱ्यांची उसाची बिलं देता आली ती या पैशामुळे. पण त्याची दुसरी बाजू पण आतूनच पाहिलीय. २०२३ ला पाऊस कमी झाला तर डिसेंबरमध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका रात्रीत बंधन घातलं, टाक्या भरायला तयार आणि परवानगी नाही, ती बंदी ऑगस्ट २०२४ ला उठली. मधल्या काळात सगळे मक्याकडे पळाले, इतके की मका निर्यात करणारा आपला देश मका आयात करायला लागला. कोंबड्यांच्या खाद्याचा भाव काय झाला ते पोल्ट्रीवाल्यांना विचारा. म्हणजे अन्न, खाद्य आणि इंधन तिन्ही एकाच शेतातून काढायला गेलं की कुठेतरी ताण येणारच. म्हणून माझं ठाम मत आहे की इंधनासाठी नवीन जमीन धरायची नाही, जे टाकून देतो त्याचंच करायचं. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला, आसामात नुमालीगडला बांबूपासून करतात. पेंढा फोडून त्यातली साखर मोकळी करणं अवघड आणि महाग आहे, पण दिशा ती बरोबर आहे.

दर्याभरती_मालवण

गाववाल्यांनू, सगळे पेट्रोलचंच बोलतायत. आपल्या किनाऱ्याचं खरं इंधन डिझेल आहे. देशात वर्षाला पेट्रोल ४ कोटी टन लागतं आणि डिझेल ९ कोटी टन, दुपटीपेक्षा जास्त. ट्रक डिझेल, ट्रॅक्टर डिझेल, मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत ट्रॉलर डिझेल. आणि डिझेलमध्ये बायोडिझेल, म्हणजे वनस्पतीच्या किंवा वापरलेल्या तेलापासून केलेलं डिझेल, किती मिसळतो तर एक टक्कासुद्धा नाही, २०३० पर्यंत ५ टक्के करायचं ठरलंय. इथेनॉलचे ढोल कितीही वाजवले तरी बंदरावर त्याचा उपयोग शून्य.

उपयोग सोडा, त्रासच जास्त. माझं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची, इंजिनं दुरुस्तीचं काम आहे म्हणून सांगतो, छोट्या होड्यांवर पेट्रोलची आउटबोर्ड असतात आणि बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहितात. पंपावर आता २० येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडची हवा तर दमटच, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढलेली, टाकी अर्धी भरलेली तशीच. पाणी ठराविक मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं आणि इंजिनाची नळी तळातूनच खेचते. मग सीझनला होडी पाण्यात घातली की इंजिन दोन ठसके देऊन बंद. कार्बोरेटर उघडला की जेट हिरवट पडलेले, ओ-रिंग फुगलेल्या, डायफ्राम कडक झालेला. त्यामुळे बंदी लागायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून संपवा, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर आजच बसवा. समुद्रात चार-पाच मैलांवर इंजिन बंद पडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, यात काटकसर करू नका.

बायोडिझेलचं मात्र मी चांगलं बोलेन. चांगल्या प्रतीचं असेल आणि ५-१० टक्के मिसळलं तर डिझेल इंजिनाला काही बदल करावा लागत नाही, पेट घ्यायला जास्त तापमान लागतं म्हणून होडीवर जास्त सुरक्षित, आणि खाडीत सांडलं तर डिझेलपेक्षा लवकर कुजून जातं. सुरुवातीला टाकीतली जुनी घाण सुटते म्हणून फिल्टर दोनदा बदलावा लागतो, एवढंच. पण मिळतं कुठे? बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच तेलं विकतात, स्वस्त आहे म्हणून हायवेवरून कॅन आणू नका, इंजेक्टर गेला तर सगळी बचत गेली.

आणि उंडी-करंजाचं कडू तेल थेट डिझेलमध्ये ओतायचा प्रयोग पण करू नका कोणी. पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं हे खरं, पण आजची इंजिनं तशी नाहीत, जाड तेलाने इंजेक्टर चोंदतो आणि आत काजळी धरते.

बियाणं_दापोली

उंडीचं थोडं भर घालतो कारण हे माझ्या आवडीचं झाड आहे. सुकलेल्या गरात वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल असतं, करंजाच्या बीत साधारण तीस टक्के. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठातही उंडीवर काम झालंय. खाऱ्या वाऱ्यात, वाळूत येते, कोणाच्या भातशेतीची जागा घेत नाही, आणि किनाऱ्याला वाऱ्यापासून आडोसा होतो. तेल खायचं नाही ही तर जमेची बाजू, आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, ते जाळणं परवडणारच नाही.

पण अडचण बघा. उंडीच्या तेलात मोकळी आम्लं जास्त, त्यामुळे बायोडिझेल करायला सरळ मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातला तर साबणच होतो, आधी आम्ल घालून एक पायरी करावी लागते, मग दुसरी. खर्च वाढतो. आणि त्याहून मोठी अडचण गोळा करण्याची. इथे चार झाडं, तिथे सहा, बिया वेचायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, घाण्यापर्यंत न्यायच्या. पूर्वी देवळातल्या दिव्याला कडू तेल लागायचं तेव्हा घरातली म्हातारी माणसं हे काम करायची, आज मजुरी देऊन ते डिझेलच्या भावात बसवणं कठीण. नवीन झाडं जरूर लावा, किनाऱ्यासाठी लावा. पण दहा वर्षांनी इंधन मिळेल या आशेवर कर्ज काढू नका.

मीनाताई_खानावळ_हर्णै

मी यातली तज्ज्ञ नाही पण एक गोष्ट आमच्याकडे प्रत्यक्ष होते म्हणून लिहिते. आमच्याकडे सीझनला मासे तळायला खूप तेल लागतं. पूर्वी तेच तेल परत परत वापरायचे लोक, किंवा उरलेलं हातगाडीवाल्यांना विकायचे. आता नियम आहे, जुलै २०१८ पासून तेल परत परत तापवून होणारे ते पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खायला वापरायचं नाही, आणि एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) त्याच वर्षी वापरलेलं तेल बायोडिझेलवाल्यांना द्यायची योजना काढली. आमच्याकडे गाडी येते, कॅन वजन करून नेते, पैसे रोख देते. फार नाही मिळत पण मिळतात, आणि गटारात ओतलं की पुढे समुद्रातच जातं ते बंद झालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते काळं तेल पुन्हा कोणाच्या पोटात जात नाही, मला तर इंधनापेक्षा त्याचंच जास्त समाधान आहे.

मळीवाला_कुडाळ

ताई, तुम्ही सांगितलंत तेच खरं आहे सगळ्यात. वापरलेल्या तेलाचं एका लिटरचं जवळपास ९०० मिली बायोडिझेल होतं आणि खाली ग्लिसरीन राहतं तेही विकलं जातं. नवीन जमीन नाही, पाणी नाही, नवीन पीक नाही. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, हर्णै, अलिबाग एवढ्या पट्ट्यात किती खानावळी आणि रिसॉर्ट आहेत. तंत्र कधीच अडचण नव्हतं, गाडी फिरवून थोडं थोडं गोळा करणं हीच अडचण आहे, आणि ते काम मच्छीमार सोसायट्या किंवा बचत गट करू शकतात कारण त्यांची माणसं गावोगाव आहेत.

विजेरी_चिपळूण

एक वेगळा मुद्दा. सगळंच जाळायला कशाला पाहिजे? कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे, एवढं डिझेल एका फटक्यात वाचलं, तेवढं वाचवायला किती हेक्टर ऊस लागला असता. स्कूटर, रिक्षा, छोट्या गाड्या विजेवर जाऊ देत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, नीती आयोगाच्या अहवालातच लिहिलंय की जुन्या कारचं अॅव्हरेज ६-७ टक्के आणि दुचाकीचं ३-४ टक्के घटेल. बायोइंधन मोजकंच होणार असेल तर ते जिथे बॅटरी चालत नाही तिथे द्या.

दर्याभरती_मालवण

याला माझा पूर्ण पाठिंबा. ट्रॉलर पाच-सहा दिवस बाहेर असतो, त्याला कसली बॅटरी पुरणार. किनाऱ्यावर गोळा झालेल्या तेलाचं बायोडिझेल इथल्याच बंदरात यावं. पण मच्छीमार सोसायटीच्या डिझेलवर जो व्हॅटचा परतावा मिळतो तो बायोडिझेल मिसळलेल्याला पण मिळाला पाहिजे, नाहीतर कोण घेणार, मच्छीमाराकडे महाग इंधन घ्यायला पैसे नाहीत. हे आमदार-खासदारांकडे लावून धरायला हवं.

सडेकर_राजापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे मला जे कळलं ते असं की आपला सडा, बोंडू आणि उंडी मिळून रिफायनरीला उत्तर नाहीच होत, पण वीज, वापरलेलं तेल आणि गोबरगॅस मिळून मागणी थोडी थोडी कमी होऊ शकते. हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो समोरच्याला, आणि मला तेच हवं होतं. नेपियरवाल्याला कराराची प्रत मागितली आहे, अजून आलेली नाही, तोवर कोणी फी भरायची नाही असं वाडीत ठरलंय.

मीनाताई, ती तेलाची गाडी राजापूरकडे येईल का? इथे हायवेवर बरेच ढाबे आहेत.

मीनाताई_खानावळ_हर्णै

विचारलं मी त्यांना. दोन-चार कॅनसाठी एवढ्या लांब नाही येणार म्हणाले, पण सात-आठ ढाब्यांचं मिळून एका जागी ठेवलंत तर येतील. तेल थंड करून गाळून घ्या, पिठाचे कण राहू देऊ नका, झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरा आणि पाणी अजिबात जाऊ देऊ नका, पाणी निघालं तर भाव कापतात. इंजिन ऑइल कोणी त्यात मिसळलं तर सगळा लॉट परत करतात, ते ढाबेवाल्यांना आधीच बजावून सांगा.